ढगाखालचा मीटर

बार्सिलोनातल्या एका घराच्या बाल्कनीत एक छोटे सौर पॅनेल आहे. त्याला बॅटरी, बॅटरीला एक चिमुकला संगणक, आणि त्या संगणकावर ‘लो-टेक मॅगझिन’ नावाच्या नियतकालिकाचे संकेतस्थळ. २०१८ पासून हा संसार असाच चालला आहे. बॅटरी किती उरली ते वाचकाला पानाच्या पार्श्वरंगावरून कळते. चित्रे जुन्या वर्तमानपत्रांतल्यासारखी ठिपक्याठिपक्यांची, कारण ठिपक्यांचे चित्र हलके असते. आणि सलग काही दिवस आभाळ भरून राहिले की संकेतस्थळ चक्क बंद पडते. तसे होईल हे त्यांनी आधीच सांगून ठेवले आहे.

मला गंमत वाटते ती शब्दाची. तिथे ढग आले की सेवा थांबते, आणि सेवा कधीच थांबू नये म्हणून आपण ती ‘क्लाउड’वर नेतो.

नेटवर्कचा आराखडा काढताना आपल्या हद्दीपलीकडचा भाग ढगाच्या आकृतीने दाखवायची अभियंत्यांची जुनी पद्धत. ढग काढला, की आत काय आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. हे पुस्तक त्या ‘कर्तव्य नाही’बद्दल आहे.

आत काय आहे ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असे जाताना बिनखिडक्यांच्या उंच इमारती दिसतात. एकेकाळी ही पट्टी रासायनिक कारखान्यांसाठी प्रसिद्ध होती. आता डेटा सेंटरांसाठी आहे. छतावर चिलर, आवारात डिझेल जनरेटरांच्या रांगा, आणि माणसांची वर्दळ एखाद्या लहान शाळेपेक्षाही कमी. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपला क्लाउड सुरू केला, ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आले, गुगल २०१७ मध्ये. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि गिऱ्हाईकही इथेच, त्यामुळे हे सगळे इथे आले यात नवल नाही.

माझी पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत होती. सर्व्हरची खोली म्हणजे एक काचेचे दार, दोन रॅक आणि सतत टपकणारा एसी. महिनाअखेरीस विजेचे बिल आले की मालक हातात कागद घेऊन आमच्या टेबलापाशी यायचे आणि विचारायचे, “रात्री एवढं काय चालू असतं रे?” उत्तर द्यावे लागायचे. पुढे सगळे क्लाउडवर गेले, ती खोली स्टोअररूम झाली आणि तो प्रश्नही बंद झाला. बिल येतच होते, पण ते तासांत, गिगाबाइटांत आणि डॉलरांत. त्यावर युनिट नव्हते. मीटर होता, पण दुसऱ्याच्या घरात.

त्या दुसऱ्याच्या घरातला मीटर किती पळतो? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१,५०० कोटी युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या हे जेमतेम दीड टक्का. आकडा ऐकून काहींना हायसे वाटेल. मलाही वाटले होते. पण वीज जगाच्या सरासरीने वापरली जात नाही, ती एखाद्या गावात, एखाद्या उपकेंद्रातून वापरली जाते. आयर्लंडमध्ये २०१५ साली मीटरमधून गेलेल्या विजेपैकी ५ टक्के डेटा सेंटरांची होती. २०२३ मध्ये ती २१ टक्के झाली. डब्लिन परिसरात नव्या डेटा सेंटरांना जोडणी द्यायला ग्रीडचालकांनी हात आखडता घेतला. आणि त्याच ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगाचा आकडा ९४,५०० कोटी युनिटांच्या घरात जाईल.

यावर क्लाउड कंपन्यांचे उत्तर तयार असते, आणि ते खोटे नाही. डेटा सेंटरची एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांना मिळालेली वीज, या गुणोत्तराला या धंद्यात पीयूई म्हणतात. आदर्श आकडा १. गुगल आपल्या सगळ्या केंद्रांची सरासरी १.१ च्या आसपास सांगते. बाकी उद्योगाची सरासरी कित्येक वर्षे दीडच्या वर अडकून आहे. म्हणजे आमच्या त्या टपकणाऱ्या एसीपेक्षा क्लाउड कितीतरी बरा.

पण या गुणोत्तरात आपला कोड कुठेच नाही. सर्व्हरला पोचलेली वीज सत्कारणी लागली की वाया गेली, हे पीयूई विचारतच नाही. उलट, तुम्ही फालतू काम बंद करून संगणकांची वीज कमी केली आणि चिलर तसेच चालू राहिले, तर भागाकारात पीयूई बिघडतो! चांगली मोजपट्टीही चुकीच्या जागी लावली की अशी फसवते. डेटा सेंटरवाल्याने आपले काम केले. राहिलेले काम आपले आहे, आणि ते आराखड्याच्या कागदावर आहे.

एसटीत एक शब्द आहे: भारमान. गाडी धावली किती यापेक्षा भरून धावली की नाही, हे त्यावरून ठरते. रिकामी एसटी भरलेल्या एसटीइतकेच नाही, पण त्याच्या बरेच जवळ डिझेल पिते. सर्व्हरचे तसेच. गुगलच्या लुईस बारोसो आणि उर्स होल्झले यांनी २००७ साली एक गाजलेला लेख लिहिला. त्यात त्यांनी दाखवले, की सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के भारावर असतात, आणि काहीही काम नसलेला सर्व्हरसुद्धा पूर्ण भाराच्या निम्मी वीज खातो. त्यानंतर यंत्रे सुधारली, तरी मूळ दुखणे गेलेले नाही. चार सर्व्हर पंधरा-पंधरा टक्क्यांवर चालवण्यापेक्षा एक साठ टक्क्यांवर चालवणे हे पर्यावरणाच्या दृष्टीने जवळजवळ नेहमीच शहाणपणाचे.

मग आपण तसे का करत नाही? भीतीपोटी. दिवाळीला गर्दी होईल, सकाळी दहाला तत्काळ तिकिटांची झुंबड उडेल, कुणी तरी जाहिरात करेल आणि सगळे कोसळेल. म्हणून आपण आषाढीचा अंदाज धरून बाराही महिने गाड्या उभ्या करतो. एसटी महामंडळ तसे करत नाही. ते वारीपुरत्या जादा गाड्या सोडते आणि नंतर काढून घेते. क्लाउडचे मूळ आश्वासनही तेच होते, आणि ते निभावणे अवघड असते हेही खरे. क्रिकेटचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या हॉटस्टारचे उदाहरण पाहा. २०१९च्या विश्वचषकात भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना अडीच कोटींहून अधिक लोक एकाच वेळी पाहत होते. १९ नोव्हेंबर २०२३च्या अंतिम सामन्यात तो आकडा ५.९ कोटींवर गेला. नवा सर्व्हर उभा राहून कामाला लागायला काही मिनिटे लागतात, आणि गर्दी तेवढी थांबत नाही. शिवाय आवडता फलंदाज बाद झाला की लाखो लोक एकदम सामना सोडून मुखपृष्ठावर येतात, म्हणजे ओझे कमी व्हायच्या ऐवजी भलतीकडेच चढते. त्यांच्या अभियंत्यांनी आपोआप वाढणाऱ्या व्यवस्थेवर भिस्त न ठेवता, सामन्याचा रंग पाहून आधीच सर्व्हर उभे करण्याची स्वतःची पद्धत बसवली. यात मला आवडते ते हे, की त्यांना आपली गर्दी ठाऊक होती. आपल्यापैकी किती जणांना आपल्या सेवेचे आठवड्यातले सर्वांत शांत तीन तास सांगता येतील?

गर्दी नेहमी माणसांचीच असते असेही नाही. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय काही तास अडखळले तेव्हा जे कारण पुढे आले ते बोलके होते. व्यवहारांची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा पूर आला होता. पैसे पाठवणारे वेगळे, आणि ‘झालं का? झालं का?’ असे सारखे विचारणारे प्रोग्राम वेगळे. त्यानंतर ऑगस्टपासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नियम आणले: एका ॲपवरून शिल्लक पाहणे दिवसाला ५० वेळांपुरते, आपोआप कापल्या जाणाऱ्या हप्त्यांचे काम गर्दीच्या तासांबाहेर. हेतू यंत्रणा टिकवण्याचा होता, पर्यावरणाचा नव्हता. पण चांगला आराखडा दोन्ही साधतो, हे या पुस्तकात वारंवार येईल. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने पहिल्यांदा एका महिन्यात हजार कोटी व्यवहार ओलांडले. इतक्या वेळा होणाऱ्या कामातून एक अनावश्यक फेरी वाचवणे म्हणजे काय, याचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा.

आराखड्यातली चैन किती महाग पडते याचे माझे आवडते उदाहरण ॲमेझॉनच्याच घरातले आहे. प्राइम व्हिडिओच्या एका गटाकडे प्रक्षेपणाचा दर्जा तपासण्याची यंत्रणा होती. ती फॅशनप्रमाणे सुटी-सुटी बांधली होती: एक तुकडा चित्रे वेगळी काढणार, ती साठवणीत ठेवणार, दुसरा ती तिथून उचलून तपासणार, आणि या सगळ्यांवर देखरेख ठेवणारा तिसरा. २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केले, की हे तुकडे एकाच प्रक्रियेत आणल्यावर खर्च ९० टक्क्यांहून अधिक उतरला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत भांडी नेण्यातच स्वयंपाकाची ताकद जात होती. यावरून अशी सुटी बांधणी, म्हणजे मायक्रोसर्व्हिस, वाईट असा निष्कर्ष काढू नका. समाजमाध्यमांवर तो लगेच काढला गेला आणि तो उथळ होता. माझा मुद्दा एवढाच, की तुकडे किती आणि कुठे करायचे या निर्णयाला विजेची किंमत असते, आणि बैठकीत ती कुणी मांडत नाही.

याच्या तुलनेत भाषांची चर्चा मला थोडी पोरकट वाटते. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये २७ प्रोग्रामिंग भाषांची ऊर्जा मोजली. त्यात त्याच कामाला पायथॉनने सी भाषेच्या सुमारे ७५ पट ऊर्जा घेतली. तक्ता लगेच सगळीकडे फिरला. पण सर्वसाधारण वेब-ॲपचा वेळ डेटाबेसची वाट पाहण्यात जातो. इंडेक्स नसलेली एक क्वेरी रोज लाखो वेळा चालत असेल, तर भाषा बदलणे म्हणजे नळ उघडा ठेवून बादली बदलणे.

साठवणीबद्दल मी एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे. इथे फक्त घराचा माळा आठवा. जुना कुकर, पाहुण्यांच्या गाद्या, ‘लागेल कधीतरी’. क्लाउडच्या माळ्याला टोक नसते, आणि तिथली प्रत्येक वस्तू तीन ठिकाणी ठेवलेली असते. चाचणीसाठी चालू केलेली आणि कुणीच बंद न केलेली तपशीलवार लॉग-नोंद मी एका ठिकाणी वर्षभर साठताना पाहिली आहे. तिचा उपयोग काय, हे विचारणाराही मीच होतो आणि ती चालू करणाराही मीच.

आता वेळेकडे येतो, कारण आपल्या देशात या विषयाचा सर्वांत रसाळ भाग तिथे आहे.

आमच्या धंद्यात जड कामे रात्री दोनला लावायची रीत आहे. ती वाईट कारणाने पडलेली नाही. दिवसा माणसे यंत्रावर असत, रात्री यंत्र रिकामे असे आणि वीजही स्वस्त मिळे. पण दरम्यान सूर्य बदलला! जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता १०० गिगावॉटच्या पुढे गेली. भर दुपारी इतकी सौर वीज येते, की कोळशाची केंद्रे क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास खाली आणावी लागतात; संध्याकाळ झाली की तीच धावतपळत वर चढवतात. रात्री दोनला चालणारा आपला जॉब बहुतांशी कोळशावर चालतो. सरकारी नियमही या बदलामागे आले. १ एप्रिल २०२४ पासून १० किलोवॉटवरच्या व्यावसायिक आणि औद्योगिक ग्राहकांना सौर तासांत वीजदर किमान २० टक्के कमी असावा, असे केंद्राचे नियम सांगतात. गोम इथे आहे: ही सवलत डेटा सेंटरच्या मीटरला मिळते. आपल्याला क्लाउडचा तास दुपारी आणि मध्यरात्री एकाच भावाने पडतो, त्यामुळे बिल पाहून कुणीही जॉबची वेळ बदलणार नाही. ती बदलायची असेल तर आराखड्यातच लिहून ठेवावी लागते. अशक्य काहीच नाही. तातडी नसलेली कामे स्वच्छ विजेच्या तासांत ढकलण्याची व्यवस्था गुगलने २०२० मध्ये आपल्या केंद्रांत आणली, आणि २०२२ पासून विंडोजचे अपडेटही, जिथे ग्रीडची माहिती मिळते तिथे, तसा मुहूर्त पाहतात.

वेळ बदलता येते तशी जागाही बदलता येईल, असे परदेशी पुस्तके सांगतात. स्टॉकहोमला न्या, तिथे जलविद्युत आणि अणुवीज आहे. हिशेब खरा आहे. आपल्या ग्रीडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, स्वीडनमध्ये त्याचा अगदी छोटा अंश. पण पैशांच्या व्यवहाराची माहिती देशातच ठेवावी, हा रिझर्व्ह बँकेचा २०१८चा आदेश आहे, आणि साताऱ्यातल्या दुकानदाराला स्कॅन केल्यावर उत्तर तत्काळ हवे असते. देशातल्या देशात मुंबईऐवजी हैदराबाद निवडून तरी काय साधणार? ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचा ग्रीड उरलेल्या देशाला जोडला गेल्यापासून आपण सारे एकाच ग्रीडवर आहोत. म्हणून या पुस्तकात ‘कुठे’ला जागा कमी आणि ‘किती’ व ‘केव्हा’ला जास्त आहे. परदेशी पुस्तकांशी माझा हा मुख्य मतभेद.

दुसरा मतभेद हिशेबाच्या वहीवरून. क्लाउड कंपनीच्या पडद्यावर तुमचे उत्सर्जन शून्याजवळ दिसू शकते, कारण कंपनीने वर्षभरात वापरली तेवढी अक्षय ऊर्जा कुठेतरी विकत घेतलेली असते. राजस्थानातल्या दुपारच्या उन्हाची पावती ऐरोलीतल्या रात्रीच्या विजेला लावली जाते. हे नियमात बसते, बेकायदा काही नाही. पण अशा पडद्यावर तुमचा कोड सुधारला काय आणि बिघडला काय, आकडा हलत नाही. म्हणून मी ग्रीडचा प्रत्यक्ष आकडा धरतो. २०२१ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली स्थापन झालेल्या ग्रीन सॉफ्टवेअर फाउंडेशनने एससीआय नावाचे एक माप ठरवले आणि २०२४ मध्ये ते आयएसओ मानकही झाले. ते मला पटते. सॉफ्टवेअरने वापरलेली ऊर्जा गुणिले त्या विजेचे उत्सर्जन, त्यात यंत्र बनवतानाच्या उत्सर्जनातला आपला वाटा मिळवायचा, आणि बेरजेला कामाच्या एककाने भागायचे: एक व्यवहार, एक ग्राहक, एक तिकीट. बाहेरून झाडे लावून किंवा पावत्या आणून हा आकडा कमी करता येत नाही. दुधाची कॅन किती मोठी हे न विचारता लिटरमागचा भाव विचारण्यासारखे आहे हे.

यंत्र बनवतानाचे उत्सर्जन हा भाग आपल्याकडे फार दुर्लक्षित. फोनच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला मोठा हिस्सा तो हातात येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. तुमचे नवे ॲप चार वर्षांच्या फोनवर रखडते आणि म्हणून कुणी नवा फोन घेते, तेव्हा क्लाउडवर वाचवलेले सगळे एका झटक्यात गेले. मोठ्या कंपन्यांनी आपल्या सर्व्हरचे आयुष्य चारवरून सहा वर्षांपर्यंत नेले. आपण ग्राहकाच्या फोनला तेवढी तरी सवलत द्यावी.

पाण्याबद्दल मी थोडेच लिहिले आहे. डेटा सेंटर थंड ठेवायला पाणी लागते हे आता सगळ्यांना माहीत आहे. वीज बनवायलाही लागते, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको: २०१३च्या दुष्काळात परळी वैजनाथचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

एक शंका मला लिहितानाही सोडत नव्हती. इंग्लंडच्या विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते, की वाफेची इंजिने काटकसरी झाली तसा कोळशाचा खप वाढला. स्वस्त झालेली वस्तू जास्त वापरली जाते. सॉफ्टवेअर हलके केले की वाचलेल्या जागेत कुणीतरी आणखी एक वैशिष्ट्य आणून बसवते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेत तर हे उघडच दिसते: गुगलचे उत्सर्जन २०१९ ते २०२३ या काळात ४८ टक्क्यांनी वाढले, आणि हीच कंपनी १.१ पीयूईवाली. माझ्याकडे याचे पूर्ण उत्तर नाही. साधी वर्गवारी करायला एखादे प्रचंड भाषा-प्रारूप न वापरता छोटे वापरा, हे मी सहाव्या प्रकरणात सांगतो. पण ते वापरायचेच कशाला, हा प्रश्न विचारायची सवय प्रकरण वाचून लागत नाही.

ती मला कशी लागली ते सांगून थांबतो. पंपांच्या विक्रेत्यांसाठी आम्ही एक यंत्रणा चालवत होतो. रोज रात्री दोनला ती राज्यभरातल्या प्रत्येक विक्रेत्यासाठी साठ्याचा पीडीएफ अहवाल बनवून ईमेल करायची. मी त्या जॉबची वेळ दुपारी नेण्याच्या खटपटीत होतो. तेव्हा एका नव्या मुलीने, ती नुकतीच कॉलेजातून आली होती, सहज विचारले, “सर, हे उघडतं कोण?” आम्ही पाहिले. जवळजवळ कुणीच नाही. ती माहिती दोन वर्षांपासून ॲपवर होती. जॉब बंद केला. एक आठवडा गेला, महिना गेला, एकही तक्रार नाही. पाचव्या महिन्यात सांगोल्याहून एका विक्रेत्याचा फोन आला. अहवाल येत नाही म्हणाले. मी ॲपचे सांगितले. ते म्हणाले, “ॲप पोरगं बघतंय हो. मी कागद छापून काउंटरमागं लावतो, गडी वाचत्यात.” आता तो अहवाल फक्त त्यांच्यासाठी बनतो, रोज दुपारी दीडला.